बदलून द्याल का?

डिस्नेच्या थीम पार्कांमध्ये पिनांच्या अदलाबदलीचा एक नियम आहे. तिथल्या कर्मचाऱ्याच्या गळ्यात पट्टी असेल आणि पट्टीवर पिना लावलेल्या असतील, तर कुणीही पाहुणा त्यातल्या एका पिनेकडे बोट दाखवून ती मागू शकतो. बदल्यात आपली एक पिन द्यायची. ती धातूची हवी, डिस्नेची अस्सल हवी, आणि त्या पट्टीवर तशीच दुसरी आधीपासून असता कामा नये. एवढं जुळलं की कर्मचाऱ्यानं नाही म्हणायचं नाही. मागितलेली दुर्मीळ असो, दिलेली अगदीच साधी असो, प्रश्न नाही. पैसे मध्ये आणायचे नाहीत. दुसऱ्याच्या पट्टीला आपण होऊन हात लावायचा नाही. आणि एका माणसाकडून दिवसाला दोनच.

हा नियम करणाऱ्यांच्या मनात माल खपवण्यापलीकडे काही उदात्त असेल, असं मला वाटत नाही. पण नियम करणाऱ्याच्या मनात जे असतं तेवढंच नियमातून निघतं असं थोडंच आहे? परक्या माणसाकडे जाऊन काहीतरी मागावं, त्यानं नाही म्हणू नये, आणि किंमत कुणी काढू नये, अशी मुभा देणारी जागा मी माझ्या आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही. निदान तिकीट काढून आत जायच्या जागांमध्ये तरी नाही.

पिन म्हणजे टाचणी नव्हे. नाण्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा धातूचा तुकडा, साच्यात ठोकलेला, खोलगट भागांत रंग भरलेला, आपल्याकडच्या मीनाकामाचा दूरचा चुलतभाऊ म्हणावा असा. मागे टोचायची तार, आणि तारेवर मिकीच्या डोक्याच्या आकाराचं रबरी बूच. ऑलिंपिकमध्ये अशी अदलाबदल फार जुनी. १८९६ला अथेन्समध्ये खेळाडूंच्या आणि पंचांच्या छातीवर पुठ्ठ्याचे बिल्ले होते, तिथपर्यंत तिचं मूळ नेतात. प्रेक्षकांमध्ये तिचं वेड शिरलं ते १९८०च्या दशकात, लेक प्लॅसिड आणि लॉस अँजेलिसच्या स्पर्धांच्या सुमाराला. डिस्नेनं ती कल्पना उचलली १९९९च्या ऑक्टोबरमध्ये, फ्लोरिडात, सहस्रक साजरं करण्याच्या निमित्तानं. साजरं करून झालं, पिना राहिल्या. मग कॅलिफोर्निया, पॅरिस, हाँगकाँग, शांघाय.

इंग्रजीत तिला ‘ट्रेडिंग’ म्हणतात, आणि अनुवादक म्हणून माझी पंचाईत तिथूनच सुरू होते. व्यापार म्हणावं, तर व्यापारात नफा येतो. सौदा म्हणावं, तर घासाघीस येते. साटंलोटं हा शब्द नेमका वाटतो खरा, पण तो आला लग्नांतून, तुमची मुलगी आमच्याकडे आणि आमची तुमच्याकडे. त्या शब्दाला हिशेबाचा वास आहे. विनिमय अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोभतो. राहते अदलाबदल. शाळेत डबे खाताना आपण करायचो ती. माझी थालीपिठं, तुझी पोळी-भाजी. त्यात कुणी किमतीला किंमत लावत नाही, पण मागण्याची थोडी लाज मात्र असते.

एम.ए.ला असताना मॅलिनॉव्स्की वाचावा लागला होता. १९२२च्या त्याच्या पुस्तकात ट्रोब्रियांड बेटांवरच्या ‘कुला’चं वर्णन आहे. शिंपल्यांच्या लाल माळा बेटांच्या वर्तुळात एका दिशेनं फिरतात, पांढरे बाजूबंद उलट दिशेनं. कायमचं जवळ कुणी ठेवत नाही. बेटांवर घासाघिशीची रोजची देवघेवही असते, तिला वेगळं नाव आहे, ‘गिमवाली’; आणि एखादा माणूस कुलासुद्धा गिमवालीसारखा करतो असं म्हणणं ही तिथे शिवी आहे. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे सगळं मला पुन्हा आठवलं ते ऑरलँडोमध्ये.

माझी ताई २००९मध्ये तिथे राहायला गेली. भावोजी एका हॉटेलच्या हिशेब विभागात. भाची सात वर्षांची, सांगलीत मराठी माध्यमाची पहिली करून आलेली. तिथल्या शाळेत ती बोलेना. त्रास नव्हता, रडारड नव्हती. सकाळी जायची, सांगितलेलं करायची, दुपारी यायची, आणि घरात शिरली की सहा तासांचं साठलेलं मराठी एकदम सुरू. नव्या भाषेत शिरलेली मुलं असा मौनाचा काळ काढतात, घाई करू नका, असं शाळेतल्या बाईंनी समजावलं होतं. ताईला ते समजत होतं, पण महिने जात होते. नोव्हेंबर गेला, जानेवारी गेला. मी मार्चमध्ये गेले तेव्हा ती वर्गात फक्त मान हलवत होती.

शेजारी प्वेर्तो रिकोच्या एक बाई राहायच्या. ऑरलँडोत त्यांची वस्ती मोठी आहे. त्यांनी आपल्या मोठ्या झालेल्या मुलाची जुनी पट्टी भाचीच्या गळ्यात घातली. वर तीन पिना: डोनाल्ड, एक भोपळा, आणि रंग उडालेलं कुठलंतरी जहाज. वर्षाचा पास भावोजींनी हप्त्यानं घेतला होता, तेव्हा तिकिटाचा प्रश्न नव्हता. प्रश्न पिनांचा होता. दुकानात नवी एक घ्यायची तर सहा-सात डॉलर, आणि तीन पिनांवर किती दिवस अदलाबदल करणार? ताईनं इंटरनेटवरून पन्नास पिनांची एक पिशवी मागवली. नव्या चार-पाच पिनांच्या किमतीत पन्नास. सगळ्या वेगवेगळ्या, सगळ्या चकचकीत.

गाडीत भाची ते वाक्य घोकत असायची. “मे आय ट्रेड विथ यू?” एवढंच. उत्तर ठरलेलं असल्यामुळे ते वाक्य सोपं होतं. पुढे काय होईल हे माहीत असताना बोलणं आणि माहीत नसताना बोलणं यांत केवढं अंतर आहे, हे परभाषेत राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. शाळेत वाक्य उच्चारलं तर कुणी हसेल, कुणी “काय?” विचारेल, कुणी पाठ फिरवेल. इथे समोरचा गुडघ्यावर बसणार आणि हो म्हणणार. ते त्याचं कामच.

आणखी एक गोष्ट होती, ती कुणी ठरवली नव्हती. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली त्यांचं गाव लिहिलेलं असतं. एप्कॉट नावाच्या भागात अकरा देशांची दालनं आहेत, आणि तिथे काम करणारी पोरं बरीचशी त्या त्या देशांतून आणलेली. तेव्हा आम्ही रविवारी तिथे जायचो. नॉर्वेच्या दालनात बर्गनची मुलगी, जपानच्या दालनात कोबेची. त्यांचं इंग्रजीही शिकलेलंच होतं, थांबत थांबत येणारं. बर्गनच्या मुलीनं पिन काढून देताना विचारलं, तू कुठली? बिल्ल्यांवर गावं वाचून वाचून भाचीनं देशाचं नाव घेतलंच नाही. म्हणाली, “सांगली.” त्या मुलीनं दोनदा म्हणून पाहिलं, “साँग्ली, सांग्ली,” आणि स्वतःच्या बिल्ल्यावर बोट ठेवून तिच्याकडून ‘बर्गन’ म्हणवून घेतलं. मी मागे कॅमेरा घेऊन उभी होते. फोटो काढायचं सुचलं नाही.

एप्रिलच्या शेवटी तिनं वर्गात हात वर केला. पिनांमुळेच, असा माझा दावा नाही. कदाचित ती वेळच आली असेल. पण मी भारतात परतल्यावर जे मूळ हस्तलिखित उघडलं, त्यात एक अबोल पात्र होतं, आणि त्याचे संवाद मी सगळे नव्यानं केले.

आता त्या पिशवीबद्दल. या छंदात ‘स्क्रॅपर’ असा एक शब्द आहे. कारखान्यात पिना पाडताना काही बिघडतात, त्या वितळवायच्या असतात, म्हणून स्क्रॅप. त्या मागच्या दारानं बाहेर पडू लागल्या. पुढे ठरलेला आकडा पूर्ण झाल्यावरही त्याच साच्यातून आणखी पाडल्या जाऊ लागल्या, आणि त्यानंतर साचेच नकली निघाले. तिन्हींना आता एकच शब्द. मराठीत भंगार म्हणावं तर भंगार आधी कधीतरी चांगलं असतं. बनावट म्हणावं तर दुसऱ्या प्रकाराचं काय? तोच साचा, तोच धातू, कदाचित तोच कामगार, फक्त परवानगी नाही. हक्क न घेता केलेला उत्तम अनुवाद म्हणजे काय, या प्रश्नाशी माझ्या धंद्याचा रोजचा संबंध असल्यामुळे मी तिथे जरा अडखळते. संग्राहक अडखळत नाहीत. त्यांच्या लेखी ते सगळंच विष.

आणि त्यांचं बरोबर आहे, कारण हे विष ज्या दारानं आत आलं ते दार म्हणजे तोच सुंदर नियम. कर्मचाऱ्यानं नाही म्हणायचं नाही. त्याच्यामागे रांग असते, हातात झाडू किंवा आईस्क्रीमचा चमचा असतो. तो काही भिंग घेऊन पिन तपासत नाही. पट्टीवरच्या पिना त्याच्या स्वतःच्या नसतात, कंपनीच्या असतात, त्यामुळे त्याचं वैयक्तिक काही जातही नाही. फक्त कर्मचाऱ्यांकडूनच मिळाव्यात म्हणून एक खास मालिका निघायची, चित्रात कुठेतरी छोटा मिकी दडवलेली. त्या विकत मिळत नसत. सकाळी पट्ट्यांवर लावल्या जात, आणि मागणाऱ्याला मिळत. नकली कारखान्यांनी नेमक्या त्याच सर्वांत जास्त पाडल्या. पन्नास-शंभरांच्या पिशव्या भरून लोक आत जाऊ लागले, खोट्या देऊन खऱ्या उचलू लागले, आणि बाहेर येऊन त्या खऱ्या विकू लागले. कुलाचा गिमवाली झाला.

भाची चौदा वर्षांची असताना एका सुट्टीत तिनं सगळ्या पिना जमिनीवर मांडल्या. ओळखायच्या खुणा ती कुठूनतरी शिकली होती. पाठीवरची मिकीच्या डोक्यांची नक्षी सहसा काठापर्यंत जाऊन मध्येच कापलेली हवी. काठाच्या आत चौकट सोडून थांबली तर संशय घ्यायचा. टोचायच्या तारेशेजारी दोन बारीक उंचवटे असतात, ते कसे आहेत ते पाहायचं. रंग बोटाला खड्ड्यात गेल्यासारखा लागतो का, कडा खरखरीत आहेत का, हातात वजन भरतं का. दुपारभर ती बसली होती. पिशवीतल्या उरलेल्यांपैकी एकही खरी निघाली नाही. आणि वहीत तिनं दुसरा हिशेब मांडला. तिच्या संग्रहातल्या एकतीस खऱ्या पिना अशा होत्या, की त्यांच्या बदल्यात तिनं पिशवीतलीच काहीतरी दिलेली होती. त्यांत बर्गनच्या मुलीनं दिलेली होती, कोबेची होती.

ताई दुखावली. “मला काय माहीत? पिशवीवर तर अस्सल लिहिलं होतं,” असं ती फोनवर मला तीनदा म्हणाली. सहा-सात डॉलरची एक, असं पोरीला घेऊन देणं त्या वर्षी त्यांना परवडणारं नव्हतं, हे मला माहीत होतं, भाचीलाही माहीत होतं. याच ठिकाणी माझा संग्राहकांशी वाद आहे. ते म्हणतात, खोट्या पिनांनी हा छंद आतून पोखरला. पोखरला. पण खोट्या पिनांच्या त्या पिशवीवाचून सांगलीच्या त्या मुलीला अदलाबदलीत शिरताच आलं नसतं. तिच्या हातातली पिन खोटी होती, म्हणून तिचं वाक्य खोटं ठरतं का? मला दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या वाटतात, आणि यातून मार्ग काढायची घाई मी करत नाही.

भाचीनं काढला. शेजारची मुलं सांभाळून मिळालेल्या पैशांतून ती दुकानातून नवी पिन घ्यायची, पार्कात पट्ट्या न्याहाळत हिंडायची, आणि एखाद्या पट्टीवर स्क्रॅपर दिसली की आपली खरी देऊन ती खोटी मागून घ्यायची. असं करणारे इतरही काही लोक आहेत, असं ती म्हणायची. त्यांच्यात याला साफसफाई समजतात. ती मात्र ‘फेड’ म्हणायची, मराठीत. घरी आणलेल्या खोट्या पिना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायच्या. टाकल्या तर कुणीतरी उचलून पुन्हा फिरवील, म्हणून टाकायच्या नाहीत. एकतीसपैकी एकोणीस फिटल्या होत्या, तेव्हा २०२०चा मार्च आला आणि पार्क बंद झाले.

जुलैमध्ये फ्लोरिडातले उघडले, पण गळ्यातल्या पट्ट्या गेल्या होत्या. त्याऐवजी फळे आले, पिना टोचलेले. जवळ जायचं, आपली ठेवायची, हवी ती घ्यायची. साथीच्या दिवसांत हे शहाणपणाचंच होतं. पट्ट्या नंतर हळूहळू परतल्या, पण फळे काही गेले नाहीत, आणि मला वाटतं बऱ्याच जणांना फळाच बरा वाटतो. विचारावं लागत नाही. कुणाच्या छातीकडे टक लावून पाहण्याचा संकोच नाही. फळ्यासमोर मी अर्धा तास उभी राहून पाहिलं आहे: मुलं येतात, निवडतात, बदलतात, जातात. एका शब्दाचीही गरज पडत नाही.

२०२३मध्ये मी गेले तेव्हा बाकीचंही बरंच बदललेलं दिसलं. छंद मेला असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. पिनांची दुकानं ओसंडून वाहत होती. पण जे विकलं जात होतं त्याचा कल वेगळा होता. शंभर किंवा तीनशेच काढलेल्या पिना, ज्यांच्या पाठीवर तो आकडा कोरलेला असतो. बंद खोके, आत कुठली पिन आहे ते फोडल्यावर कळणार, म्हणजे लॉटरीच. कलाकारांनी आपल्या मनानं चित्रं काढून, कारखान्याला शंभर नगांची ऑर्डर देऊन बनवून घेतलेल्या पिनाही आहेत. त्यांना ‘फँटसी’ म्हणतात, त्यांना कंपनीची परवानगी नसते, आणि पार्कात त्या चालत नाहीत, पण संग्राहकांमध्ये त्यांना मान आहे. म्हणजे विनापरवाना गोष्टीतही चांगलं आणि वाईट असतं, हे शेवटी त्यांनीही मान्य केलं म्हणायचं. कॅलिफोर्नियाच्या पार्कात बाकांवर मोठमोठ्या वह्या पसरून दिवसभर बसणारी एक जमात होती. पिशव्या किती मोठ्या असाव्यात आणि कुठे ठेवाव्यात यावर तिथे नियम आले. मोठी अदलाबदल आता टपालानं होते. फोटो, ठरलेला भाव, पावती, फुगेवाला कागद.

आणि फोन. एक तरुण एका कर्मचाऱ्याच्या पट्टीसमोर फोन धरून एकेका पिनेची किंमत पाहत होता. उद्धट नव्हता, परवानगी घेतली होती त्यानं. कर्मचारी बाई छाती किंचित पुढे काढून, हात मागे घेऊन, दुकानातल्या पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. त्याला हवं ते मिळालं नाही. आभार मानून तो गेला.

भाची आता एकवीस वर्षांची. फळ्यावर तिनं फेड कधी केली नाही, “फळ्याला काय फेडायचं, मावशी?” म्हणते. त्यामुळे बारा तशाच राहिल्या होत्या. संध्याकाळी आम्ही निघण्याच्या वाटेवर होतो, तेव्हा पॉपकॉर्नच्या गाडीवरच्या एका म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात तिला पट्टी दिसली. चौथी की पाचवी पिन खोटी होती. मला दहा पावलांवरून काहीच कळलं नाही, तिला कळलं. तिनं आपली काढली, बूच लावलेलीच पुढे धरली, आणि विचारलं. त्यानं दोन्हींकडे पाहिलं. म्हणाला, अगं, तुझी जास्त चांगली आहे, नक्की ना? ती म्हणाली, नक्की.

बिल्ल्यावर त्याचं गाव ओहायोमधलं होतं. त्यानं तिला तिचं विचारलं नाही. मागे पॉपकॉर्नची रांग होती.